पाच मुलं हवीत

…आणि प्रगतिपुस्तकात शेरा काय, तर 'इतर मुलांत मिसळत नाही'! अहो, मिसळायला इतर मुलं आहेत कुठे? तुम्हाला सांगते, बालवर्गात आमची ठकी एकटी. एकटीच! खुर्च्या वीस, खुंट्या वीस, दप्तर एक. रोज हजेरी होते, बाई नाव पुकारतात, ही 'हजर' म्हणते, बाई वही मिटतात. झाली हजेरी! तरी शेरा वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं? माझंच काहीतरी चुकलं असणार. मला काही कळेना हो!

गेले भांडायला. बाई बिचाऱ्या म्हणाल्या, "ताई, छापील फॉर्म आहे, कुठेतरी खूण करावीच लागते." तेवढ्यात मोठ्या बाईंनी आत बोलावलं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "येती सुट्टी संपेपर्यंत पाच मुलं झाली नाहीत, तर वर्ग बंद!" मुलं झाली नाहीत तर… आणि बघतायत कुणाकडे? माझ्याकडे!

आता वर्ग बंद म्हणजे ठकी घरी, ठकी घरी म्हणजे मी घरी. सासूबाईंचे गुडघे असे, की ठकी पळाली तर त्या फक्त हाका मारणार. म्हणजे माझी नोकरी गेलीच. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते मी. तिथे तरी काय? लहान मुलांच्या फ्रेमांचा ट्रे मालकांनी मागच्या कपाटात ढकललाय, पुढे सगळे वाचायचे चष्मे!

मग काय, निघाले बिल्डिंगमध्ये मुलं शोधायला. पहिल्या मजल्यावरची म्हणाली, "अगं, ह्याची रात्रपाळी, माझी दिवसपाळी. आम्ही भेटतो तेच दारात, किल्ली द्यायला!" दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, "आधी दुसरी खोली होऊ दे." तिसऱ्यावर बाबागाडी दिसली, मी हरखून आत वाकले… कुत्रा! स्वेटर घातलेला! "हेच आमचं बाळ," म्हणे. चौथ्यावर आजी-आजोबा. "नातू आहे ना आम्हाला! बस, दाखवते," म्हणत आजींनी फोन पुढे केला आणि स्वतःच त्या फोनकडे इतका वेळ बघत बसल्या, की मी हळूच उठून आले.

घरी सासूबाई म्हणतात, "दारोदार हिंडण्यापेक्षा घरात बघ ना जरा." नवरा बोटं मोजून म्हणतो, "आज ठरवलं तरी बालवर्गात जायला पावणेचार वर्षं. सुट्टी सहा आठवड्यांची आहे." चला, प्रश्न सुटला!

पण सुटलाय कुठे? मागच्या आठवड्यात आणायला गेले तर ठकी रिकाम्या खुर्च्यांची हजेरी घेत होती आणि प्रत्येक खुर्चीच्या वतीने आपणच 'हजर' म्हणत होती. वाटलं, एक भावंड… आणि त्याच आठवड्यात ती तापली, रजा कुणी घ्यायची यावरून आम्ही दोघं असे भांडलो, की वाटलं, हे एकच निभावतंय का मला? दुसरं हवंय, की नकोय, की हवं असायला हवंय? मला काही कळेना हो!

आणि काल बाईंनी बाजूला घेतलं. लाजत म्हणाल्या, "ताई, गोड बातमी आहे." मी मिठीच मारली! अख्ख्या रस्त्यावर कुणालातरी एक होतंय! तर बाई रडवेल्या. "डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. मोठ्या बाई म्हणतात, एका मुलीसाठी दुसरी बाई कुठून आणू? वर्ग सोमवारपासूनच बंद."

सोमवारपासून! मी तिथल्याच एका छोट्या खुर्चीत बसले, ती कमरेला अडकली, उठता येईना. मला उठवता उठवता बाई डोळे पुसत विचारतात, "ताई, एक विचारू? बाळासाठी चांगली शाळा आहे का हो तुमच्या माहितीत? आत्तापासून नंबर लावलेला बरा ना! नंतर जागा मिळत नाही म्हणतात."

म्हटलं, "लावा, बाई, लावा. पहिलाच लागेल."