खाल्लंच नाही तर कमी काय करू?

...आणि वर मलाच म्हणतात, खाणं कमी कर! तुम्हाला सांगते, गेली दोन वर्षं जो भेटेल तो हेच. नवरा म्हणतो, सासूबाई म्हणतात, माझ्या दुकानात पँट कमरेत कमी करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा म्हणतं, "ताई, रात्रीचं जेवण सोडून बघा." सोडलं की. चहातली साखर सोडली, मग चहाच सोडला, आणि चेहरा तरी आपला गोल होतोच आहे, होतोच आहे... आता मला सांगा, खाल्लंच नाही तर कमी काय करू?

मी शिवणकाम करते हो, मापं घेणं हा माझा धंदा. स्वतःचं माप घेतलं तर कंबर वाढलेली, गळा वाढलेला, मानेमागे एक उंचवटा आलेला, आणि दंड? दंड बारीक! मांड्या बारीक. स्टुलावरून उठायचं तर कटिंगचं टेबल धरून उठायचं. पोटावर जांभळे पट्टे, कुठे नुसता हात घासला तरी काळंनिळं. नवऱ्याला म्हटलं, "अहो, बघा तरी, खाऊन जाड होणारं माणूस दंडानं बारीक होतं का?" तर पेपरातून मान वर न काढता म्हणतो, "टेप सैल झाला असेल तुझा." सासूबाई त्याच्याही पुढे. सगळे डबे वरच्या फळीवर चढवले, कारण मला वर चढता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. आणि तरी झाकण वाजलं की आतून हाक, "कोण गं ते? पुरे आता!" कोण असणार? त्यांचाच मुलगा असतो.

शेवटी बीपी वाढलं म्हणून नेहमीच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं, हार्मोनवाल्या डॉक्टरीणबाईंकडे. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "खाणं कमी केलंय." त्या म्हणाल्या, "मी कुठे विचारलं?" आणि त्यांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल? माझे दंड! म्हणाल्या, "कॉर्टिसोल नावाचं हार्मोन असतं, संकट आलं की अंगात वाढतं. तुमच्या अंगात ते संकट नसतानाही वाढलेलं असावं. तपासून बघू." मला इतका आनंद झाला, मी विचारलं, "नक्की असेल ना हो?" त्या बघतच राहिल्या.

मग तो कॅन. चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमवायची आणि तो गार ठेवायचा. घरी सासूबाई, "फ्रीजमध्ये? माझ्या फ्रीजमध्ये?" म्हणून मी तो बर्फाच्या पेटीत घालून दुकानात नेला आणि वर कोटाचं कव्हर टाकलं. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, ह्यात काय ठेवलंय?" म्हटलं, अर्जंट काम आहे.

पण घोळ घातला तो मीच. आमच्या धंद्यात कापड कधी मापाला माप कापत नाहीत, शिवणीत जास्तीचं सोडतात, माया म्हणतो आम्ही त्याला. आता हाताची सवय, जाते का? मी चोवीस तासांच्या अलीकडचे थोडे तास धरले, पलीकडचे थोडे धरले, आणि लॅबवाल्याला ऐटीत सांगितलं, "जरा जास्तच आणलंय, कमी पडायला नको." त्यानं कपाळाला हात लावला. "बाई, चोवीस म्हणजे चोवीस. असा आकडा उगाच फुगून येईल." मी म्हटलं, "मग जास्तीचं काढून टाका की." तो म्हणतो, "कुठलं काढू? सगळं एकत्र आहे." झालं. पुन्हा कॅन, पुन्हा बर्फ, पुन्हा अर्जंट काम. आणि जिवाला नुसती धाकधूक... आकडा नॉर्मल आला तर? म्हणजे मी कायमची खादाड ठरले ना! मग पुन्हा तेच, खाणं कमी कर, आणि पुन्हा मी तेच, खाल्लंच नाही तर कमी काय करू?

आकडा भरपूर आला! मग रात्री एक गोळी घ्यायची, सकाळी रक्त द्यायचं. त्या गोळीनं हार्मोन खाली यायला हवं. माझं जागचं हललं नाही. मग स्कॅन. मूत्रपिंडाच्या वर एक एवढीशी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधी दिसतेय, ऑपरेशननं निघेल," आणि मी रडायलाच लागले. त्या म्हणाल्या, "घाबरू नका." अहो, घाबरले होते, नाही कशाला म्हणू, पण त्याहून खूश होते! म्हटलं, "बाहेर नवरा बसलाय, त्याला आत बोलवा आणि एवढंच सांगा, हे खाण्यामुळे नाही." त्यांनी बोलावलं, सांगितलं. मी म्हटलं, "अजून एकदा सांगा." त्यांनी अजून एकदा सांगितलं.

घरी आलो. नवऱ्यानं आईला सगळं नीट समजावलं. सासूबाई उठल्या, वरचे डबे एकेक करून खाली काढले, माझ्या पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले... मी आपली वाट बघतेय, आता म्हणतील, चुकलं गं आमचं. तर म्हणतात, "अगं, एवढं सगळं अंगावर काढलंस, आणि घरात कुणाला एका शब्दानं बोलली नाहीस?" आणि नवरा मागून मान डोलावतो, "तिचा स्वभावच तसा, आई. काही सांगतच नाही."

मी म्हटलं, "चुकलं, आई. राहूनच गेलं सांगायचं."