परीमहालाची भिंत

माहेर माझं बोदवडचं, बाप स्टेशनाजवळ गाद्यांचा कापूस पिंजायचा, अन् लग्न करून आले रावेरात, पेंटरच्या घरात. आमचे हे केळीच्या ट्रकांवर चित्रं काढायचे. पोपट, गुलाब, दोन बाजूले दोन मोर. माणसाचं तोंड मात्र कधी नाही काढलं. सास म्हणायची, चेहरा काढणाऱ्याले वर गेल्यावर विचारतात, आता याच्यात जीव टाक म्हणून. तं आमच्या घरात कोणाचाच फोटो नाही, लग्नाचासुद्धा नाही. तिच्यापुढे कोण बोलणार.

मंग गावाबाहेर एका शेठनं पार्क काढलं. झुले, पाळणे, पोरांची झुकझुक गाडी, अन् मधात मोठी इमारत, परीमहाल, आत वाकडेतिकडे आरसे. रविवारी भुसावळची लोकं यायची. शेठ यांले म्हणे, आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर परी पाहिजे, माणसाएवढी. हे म्हणे, परी मी कुठं पाहिली. पण काम धरलं. पंख काढले, घागरा काढला, अन् तोंडाची जागा कोरी ठेवून नुसते बसून राहायचे. आमची नसीम तेव्हा लहान, शाळेतही नव्हती घातली. मी डबा घेऊन गेले का संगं यायची, अन् शिडीखाली बसून रंगाच्या डब्यांची झाकणं लावायची. तं यांनी काय केलं, तिचंच तोंड काढलं. नाकावरचा तीळसुद्धा काढला हो. मी म्हटलं, परीले तीळ कुठं असतो. हे म्हणे, आपल्या परीले आहे.

काय सांगू तुम्हाले, त्याच वर्षी नसीमले ताप भरला. जळगावले नेली. ओल्या पट्ट्या ठेवून ठेवून माझे हात गार पडले, तिचं अंग काही गार पडलं नाही. गेली. अन् गल्लीतल्या बाया म्हणे, चित्रानं नेली. सास तसं नाही म्हणाली बरं का, तिनं तोंडातून शब्द काढला नाही, ते मी तिचं मानते. पण यांनी बायांचं ऐकलं. तेव्हापासून परीमहालाची पायरी चढले नाहीत. मी भांडले, अहो तापानं गेली पोरगी, रंगानं नाही, पण माणसाच्या मनात एकदा बसलं का बसलं. मी मात्र जायची. तिकिटावरचा माणूस ओळखीचा व्हता, सोडायचा. लोकं आरशात पाहून हसायचे, अन् मी भिंतीपुढे उभी राहायची.

मंग काही वर्षांनी पार्क बंद पडलं. झुले भंगारात गेले, आरसे कोणी नेले काय माहीत, इमारत तेवढी राहिली. आता केळीच्या व्यापारातल्या एका नानांनी घेतली, केळी पिकवायच्या खोल्या करायले. मीही तिथंच कामाले लागले, टाक्यात केळीच्या फण्या धुवायच्या. मागच्या महिन्यात पत्रेवाले आले, भिंतींवर गारवा धरणारे जाड पत्रे ठोकायले. मी म्हटलं, नाना, ही एक भिंत सोडा. नाना भला माणूस, म्हणे, अक्का, एक भिंत उघडी राहिली तं गारवा टिकणार नाही, माल एकसारखा पिकणार नाही, तुम्ही फोटो काढून घ्या. काढला मोबाईलमध्ये. त्यात परी दिसते, नसीम नाही दिसत.

घरी येऊन यांले म्हटलं, उद्या भिंत झाकणार, यायचं तं या. सकाळी पाहते तं माझ्याआधी चप्पल घालून दारात उभे. आता यांले ब्रश धरवत नाही. पायरी चढले, भिंतीजवळ गेले, अन् रुमालानं तिचं तोंड पुसलं, जेवण झाल्यावर पुसायचे तसं. लई वेळ पुसलं. मंग पत्रेवाल्याले म्हणे, लाव भाऊ, पण तोंडावर खिळा नको मारू. त्यानंही बाजूले सरकवून मारला. अल्ला त्याच्या हाताले बरकत देवो.

आता मशीन चालू झालं. दार उघडलं का आतून गार हवा येते, बाकीच्या बाया डोक्याले रुमाल बांधून आत जातात, म्हणतात, अक्का, तुम्हाले थंडी नाही वाजत का. मी म्हणते, वाजू द्या. तापानं गेली माझी पोरगी, आता गारव्यात आहे.