चुकीच्या पाकिटातली काच

मावशी : म्हणजे कपाटंसुद्धा नेणार?

भाची : कपाटं, टेबलं, सगळंच. पुढच्या आठवड्यात ही खोली रिकामी. काचा तेवढ्या नव्या इमारतीत जातील. बस ना मावशी, तुझीच खुर्ची आहे.

मावशी : ही तुझ्या आईची. माझी ती, पाय हलणारी. अकरा वर्षं पायाखाली पुठ्ठा घालून बसले तिच्यावर. आणि हे यंत्र अजून इथंच? मला वाटलं भंगारात गेलं असेल.

भाची : चालतं अजून. खटका दाबून दाखवू?

मावशी : नको.

भाची : अगं, गंमत म्हणून. मी सहा वर्षांची असताना तूच मला मांडीवर घेऊन शिकवलं होतंस. एकाच आकाशाचे दोन फोटो, दोन काचांवर. खटका इकडे केला की ही काच, तिकडे केला की ती. तारे जागचे हलत नाहीत. जे हलतं, ते आपलं.

मावशी : नको म्हटलं ना. अजून दुपारी जरा डोळा लागला की ती टकटक ऐकू येते मला. घरात माझ्याशिवाय कुणी नाही, आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी बसून काचा बघतंय. उठून जावं तर खोली रिकामी. आता सवय झालीय. "बघ बाई, बघ," म्हणते आणि कूस बदलते.

भाची : कोण बसलेलं असतं?

मावशी : कशाला बोलावलंस ते सांग. रिक्षावाल्याला थांबायला सांगितलंय मी.

भाची : त्याला पाठवून दिलं मी.

मावशी : आईवर गेलीस अगदी. तीसुद्धा न विचारता परस्पर करायची. साहेब तिला घार म्हणायचे, ठाऊक आहे? आम्ही आठ जणी होतो काचा बघायला, पण घार एकच. मी तिच्याआधी दहा वर्षं इथं डोळे फोडत होते. मला कुणी साधी चिमणी म्हटलं नाही.

भाची : गेल्या वर्षी परदेशातल्या एका दुर्बिणीला एक दगड सापडला, मावशी. लहानसहान नव्हे. त्याच्यावर एक गाव वसेल एवढा. त्याची वाट मागे मागे मोजत नेली, तेव्हा कळलं की एक्केचाळीस वर्षांपूर्वी तो आपल्या अगदी जवळून गेला होता. त्या रात्री आपली दुर्बीण त्याच बाजूला होती. म्हणून मी त्या रात्रीच्या काचा काढल्या.

मावशी : किती जवळून?

भाची : चंद्राच्या थोडं पलीकडून.

मावशी : आणि आता? परत यायचाय?

भाची : अगं, उठलीस कशाला? बस. पाणी देऊ?

मावशी : पाणी राहू दे. परत येणार का तो?

भाची : निदान दोनशे वर्षं तरी आपल्या वाटेला जात नाही. अशी घाबरतेस काय? दगड येऊन आपटणं काही इतकं सोपं नसतं. पृथ्वी पळत असते ना? स्वतःच्या रुंदीएवढं अंतर ती सात मिनिटांत ओलांडते. दगडानं आपली वाट ओलांडली म्हणून भागत नाही, नेमक्या त्या सात मिनिटांत तिथं पोचावं लागतं. आधी आला तर आपण आलेलो नसतो, नंतर आला तर निघून गेलेलो असतो. शिवाय बहुतेकांच्या वाटा तिरप्या. वरून तरी जातात, नाहीतर खालून. हा आला तेव्हा आपण त्या जागेवरून जाऊन पाच तास झाले होते.

मावशी : पाच तास. मी एक्केचाळीस वर्षं खिडकीचा पडदा उघडला नाही, आणि पाच तास!

भाची : बारीकसारीक येतात ते हवेतच जळून जातात. मोठे मुळात राहिलेत किती? सुरुवातीलाच मारामारी होऊन गेली, बहुतेक तेव्हाच संपले. चंद्राचं तोंड बघ, देवीचे व्रण असावेत तसं. आणि गुरूसारखा दांडगा भाऊ बसलाय मधे. पुष्कळांना तो लांब भिरकावतो. कधी चुकून एखादा आपल्याकडेही ढकलतो म्हणा, दांडगाच तो.

मावशी : चंद्राला एवढे व्रण, मग आपल्याला कसे नाहीत?

भाची : आपल्यालाही होते. पावसानं, वाऱ्यानं पुसले गेले.

मावशी : पुसले गेले की झालं. कुणी विचारायला येत नाही.

भाची : मी आलेय ना.

मावशी : काय निघालं मग त्या काचांत?

भाची : त्या रात्रीच्या दोन काचा असायला हव्यात, तासाभराच्या अंतरानं घेतलेल्या. पहिली मिळाली. तिच्यावर बारीकशी रेघ आहे, वेगात जाणाऱ्या वस्तूची उमटते तशी. रेघेभोवती लाल शाईचं वर्तुळ पुसल्याचा डाग आहे. दुसऱ्या काचेच्या पाकिटात भलतीच काच. रेघ नाही, काही नाही. वहीत आईची नोंद आहे : "दोन्ही काचांवर हलणारी रेघ." ती तिनंच खोडलीय. खाली लिहिलंय, "माझी चूक. नजरदोष." सही, तारीख.

मावशी : मग झालं तर. तिनंच लिहिलंय. पहिल्या काचेवरचा ओरखडा असेल. काचा त्या. बोटातली अंगठी लागली तरी रेघ उठते.

भाची : हो. मलाही तसं वाटलं असतं. पण आम्ही सगळ्याच काचा संगणकाला दाखवतोय. त्याला पाकिटाशी काही देणंघेणं नाही, तो काचेवरचे तारे आणि त्यांच्यातून फिरणारे लघुग्रह ओळखून रात्र कुठली ते सांगतो. मागच्या महिन्यात एका काचेला तो म्हणाला, पाकिटावर लिहिलीय ती रात्र ही नव्हे. पाकीट होतं आकाशाच्या त्याच तुकड्याचं, पण चार महिने आधीच्या तारखेचं. आत त्या रात्रीची दुसरी काच. रेघ सरकलेली. आणि पाकिटावर तुझं अक्षर, मावशी.

मावशी : माझ्या हातून अकरा वर्षांत एक काच कधी चुकीच्या पाकिटात गेली नाही.

भाची : माहीत आहे. म्हणून तर विचारतेय.

(यंत्राचा खटका एकदा वाजतो.)

मावशी : दाबू नकोस गं. सांगते. आमच्यात रीत होती. एकीनं लाल वर्तुळ काढायचं, दुसरीनं बघून बाजूला खूण करायची. दुसरीला पटलं नाही तर ओल्या फडक्यानं पुसायचं. तुझ्या आईनं वर्तुळ काढलं आणि म्हणाली, "तू बघ, मी तोंडावर पाणी मारून येते." मी खटका दाबला. रेघ हलली. इतकी स्वच्छ हलली! अकरा वर्षं मी त्याची वाट बघत होते. तुझ्या आईला येऊन वर्ष झालं होतं.

भाची : मग?

मावशी : मग हातांनी केलं. मी बघत होते. दुसरी काच काढली, त्याच आकाशाचं जुनं पाकीट जवळ होतं त्यात घातली, त्यातली इथं लावली. फडकं फिरवलं. तू आत्ता सात मिनिटं म्हणालीस ना, तेवढीसुद्धा लागली नाहीत. ती परत आली, बसली, खटका दाबत राहिली. किती वेळ! टक, टक, टक. मग वळून मला म्हणाली, "मला दिसलं होतं गं." मी म्हटलं, "डोळे तपासून घे."

भाची : मावशी...

मावशी : उद्या सांगू म्हटलं. काच सापडली म्हणून सांगू, दोघींच्या नावानं देऊ. पण दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं ते नऊ दिवस हटलं नाही. तोवर दगड निघून गेला होता आणि तिनं वहीत लिहून टाकलं होतं. महिन्याभरात नोकरी सोडली. मग तोंड कसं उघडणार? आणि तो येऊन कुठं पडला असता तर? तेवढी माणसं माझ्या माथी! रोज वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत चाळल्याशिवाय मी चहाला हात लावला नाही.

भाची : आमच्या घरी काय व्हायचं सांगू? आई दर दोन महिन्यांनी माझं अंथरूण नव्या भिंतीला लावायची. दाराशी चपला, भरलेली कळशी. विचारलं की म्हणायची, "काही नाही, माझे डोळे खराब आहेत." दिसलंही होतं आणि डोळेही खराब. दोन्ही तिनं खरं मानलं. मी आकाशाचं शिकले ते याचा निकाल लावायलाच. आणि निकाल लागला तेव्हा तिला जाऊन चौदा वर्षं झालेली.

मावशी : तिच्या शेवटच्या दुखण्यात मी येऊन बसले होते. तोंडापर्यंत आलं होतं. ती म्हणाली, "तू आलीस, बरं वाटलं." मी मोसंबी सोलत राहिले.

भाची : हा कागद बघ. पहिल्यांदा कुणाला दिसला, ते नोंदवायचंय. आईची वही आहे, पण तिनंच स्वतःला खोटं पाडलंय. त्या दिवशी या खोलीत तिच्याशिवाय तू होतीस. आता उरलीस तू एकटी.

मावशी : सगळं लिहावं लागेल?

भाची : तिला दिसलं होतं, एवढंच लिही. बाकीचं लिहायचं की नाही, ते तुझ्यावर.

मावशी : बाकीचं न लिहिता ते एवढंच कसं लिहिता येईल, बाई? विचारतील ना, मग तिनं खोडलं का म्हणून.

भाची : विचारतील.

मावशी : दे. पेन दे. पण मला अक्षर दिसायचं नाही. चष्मा घरी ठेवून आले. विसरून नव्हे. वाटलं, चष्मा नसला की तू काही वाचायला लावणार नाहीस.

भाची : आईचे चष्मे आहेत माझ्याकडे. तिचा डबा आणलाय, वहीबरोबर ठेवायला. एकामागून एक तीन डॉक्टर केले होते तिनं.

मावशी : माझ्यामुळं. दे त्यातला शेवटचा. तोच जास्त नंबरचा असेल.

भाची : कुठलाही घे, मावशी. तिन्ही एकाच नंबरचे आहेत.