धरून ठेवणाऱ्या पेशी

(पोलंडमधल्या लुब्लिन शहरातलं एक घर. कालिना प्रयोगशाळेत उंदरांच्या दुधावर संशोधन करते. सध्या बाळंतीण आहे. जाड्विगा तिची सासू.)

जाड्विगा : परत तराजूवर? अगं, आत्ताच तर तोललंस ना बाळाला.

कालिना : ते पाजण्याआधी, आई. आता पाजून झाल्यावर. वजनात जेवढा फरक पडेल, तेवढं दूध पोटात गेलं म्हणायचं.

जाड्विगा : मग?

कालिना : काटा हललासुद्धा नाही.

जाड्विगा : बावार्का करून ठेवलाय, भरपूर दूध घालून. गरम आहे तोवर घे. मला त्या चहानंच पान्हा फुटला होता.

कालिना : चहानं काही होत नाही हो.

जाड्विगा : मग कशानं होतं ते तू सांग. इतकी वर्षं उंदरांत घालवलीस.

कालिना : दुधाच्या पेशींना बारीक हातांसारखं काहीतरी असतं. त्या हातांनी पेशी आपल्या खालचा पडदा घट्ट धरतात. धरला तरच छातीतले दुधाचे कोंब वाढतात, दूध तयार होतं. हात काढून घेतले की संपलं.

जाड्विगा : कोण काढून घेतं?

कालिना : आम्हीच. तशी उंदरीण मुद्दाम जन्माला घालतो.

जाड्विगा : अरे देवा. आणि तिची पिल्लं?

कालिना : ओढत राहतात. पिल्लू दूध प्यालं की पातळ कातडीतून पोट पांढरं दिसतं. त्यांचं दिसत नाही.

जाड्विगा : तुझ्यात तसलंच काही आहे का गं?

कालिना : कुणाला ठाऊक. मला कापून काचेखाली धरल्याशिवाय कळायचं नाही.

जाड्विगा : भलतंसलतं बोलू नकोस. नर्स काल घरी येऊन सांगून गेली, म्हणून मी डब्याचं दूध आणलंय.

कालिना : नको. बाळानं ओढायचं थांबवलं की उरल्यासुरल्या पेशीही मरतात. आम्ही पिल्लांना वरचं काही देत नाही.

जाड्विगा : हा तुझा प्रयोग नाही, कालिना. माझा नातू आहे. ओठ बघ कसे सुकलेत. रडायचंही त्राण उरलं नाही त्याच्यात.

कालिना : दिसतंय हो मला. सगळं कळतंय, आणि थेंब येत नाहीये. मी काय करू, आई?

जाड्विगा : रड तू. पण त्याला इकडे दे.

कालिना : घ्या.

जाड्विगा : बघ, बाटलीनं कसा पितोय. अधाशी, थेट बापासारखा. मग तुझ्या छातीशीही लावू, नर्स म्हणाली दोन्ही चालतं.

कालिना : किती प्यायला?

जाड्विगा : पुरे आता ते मोजणं. झोपला बघ.

कालिना : द्या ना माझ्याकडे.

जाड्विगा : राहू दे गं, उठेल.

कालिना : भुकेला होता तेव्हा निदान माझ्याकडे तोंड करायचा.