ट्रकवाला उभा राहू लागल्याबाबत

मी अनुसूया भ्र. कै. संतराम इंगोले, वय ५३ वर्षे, व्यवसाय शिलाईकाम, शिक्षण चौथी, रा. वसमत, जि. हिंगोली. माझा पुतण्या माऊली इंगोले याने दिलेल्या तक्रार अर्जाच्या चौकशीसाठी बोलावल्यावरून आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

माझे पती साखर कारखान्यात फिटर होते. ते दोन वर्षांपूर्वी मयत झाले. त्यांना रोबोट जमवण्याचा नाद होता. हे खेळण्यातले रोबोट आहेत. हातपाय दुमडले की ट्रक होतो, उलगडले की परत माणूस होतो. डब्यावर ग्रॅनॉक्स असे नाव आहे. घरी आम्ही त्याला ट्रकवाला म्हणतो. कंपनीने हाच ट्रकवाला काही काही वर्षांच्या अंतराने तीन वेळा बाजारात आणला. तिन्ही वेळचा एकेक नग आमच्याकडे आहे. पहिला पतींनी लग्नाआधी हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणला. दुसरा नांदेडहून घेतला. तिसरा मुलगी पुनम हिने पुण्याहून पाठवला. तो आला तेव्हा पती दवाखान्यात होते. डबा तिथेच उघडला.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीजवळच्या वाचनालयाने लोकांच्या छंदांचे प्रदर्शन भरवले. मी तिथली सभासद आहे. वाचनालयात काम करणारे दिपक पानपट्टे यांनी मागितल्यावरून मी तिन्ही ट्रकवाले दिले. पती गेल्यापासून ते कपाटातून बाहेर निघाले नव्हते.

प्रदर्शन संपल्यावर माऊली ते आणायला गेला. पहिल्या वेळचा ट्रकवाला टेबलावर कशाचाही टेकू न घेता उभा होता. आमच्या घरी तो कायम भिंतीला टेकलेला असे, कारण त्याची उजवी कंबर ढिली होती. त्याची छातीही पुसल्यासारखी चकचकीत दिसली. माऊलीने दिपकला विचारले. दिपक म्हणाले, मी हातसुद्धा लावला नाही. त्यावर बोलाचाली झाली. माऊलीने घरी येऊन मला सांगितले, "काकू, ह्यो आपला न्हाई. आपला कधी उभा राह्यला का सांगा बरं? त्यानं आपला ठेवून घेतला अन् नवा आणून मांडला." मी त्याला म्हटले, थांब, आधी मला बघू दे. तोपर्यंत तो अर्ज देऊन आला होता. लहानपणी ट्रकवाल्याला हात लावायची परवानगी माझ्या पतींनी फक्त त्यालाच दिली होती, म्हणून त्याला राग लवकर आला असे मला वाटते.

अर्ज झाल्यामुळे वाचनालयाने दिपकला कामावर येऊ नका म्हणून सांगितले आहे. चोरी ठरली तर त्यांना कायमचे काढणार आहेत.

आज हवालदार बाबूसिंग ठाकूर यांनी माझ्यासमोर तिन्ही नग टेबलावर ठेवले. माऊली व दिपक हजर होते. हवालदार म्हणाले, "मावशी, आपल्याला तर तिन्ही एकाच आईची लेकरं दिसून राहिले. तुमी कसं ओळखता?" मी हातात घेऊन दाखवले ते असे.

पहिल्या वेळच्याचे पाय आणि छाती ओतीव धातूची आहे, चाके रबराची आहेत. दुसऱ्या वेळी कंपनीने धातू काढून टाकला. तो सगळा प्लास्टिकचा असून हातात घेतला तर रिकामा डबा उचलल्यासारखा वाटतो. तिसऱ्या वेळी पाय परत धातूचे केले, पण छाती प्लास्टिकची ठेवून वर धातूसारखा रंग दिला. त्याच्या कमरेत आतून दाते आहेत. फिरवली की टकटक वाजते आणि जिथे थांबवू तिथे थांबते. पहिल्याच्या कमरेत दाते नाहीत, साधी खुंटी आहे. ती वापरून झिजते.

पती पहिल्यालाच चांगला म्हणत. माझे मत वेगळे आहे. पहिल्यात माल चांगला वापरला आणि कंबर कच्ची ठेवली. तिसऱ्यात छातीचे सोंग आहे पण कंबर पक्की आहे. दुसऱ्याला कोणीच नावाजत नाही, पण दुमडल्यावर बिनफटीचा ट्रक त्याचाच होतो. हे मी दवाखान्यात पतींना सांगितले होते. ते म्हणाले, "तू ब्लाउज शिव." नंतर मी जेवणाचा डबा धुऊन आले तर ते तिसऱ्याची कंबर फिरवून बघत होते.

वादातला ट्रकवाला मी हातात घेतला. छाती हाताला गार लागली, म्हणजे ती धातूची आहे. कंबर घट्ट आहे पण टकटक वाजत नाही. म्हणून तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळचा नाही. छातीच्या खालच्या फटीत पिवळे दिसले. खंडेनवमीला पती पान्ह्या-पकडींच्या शेजारी ट्रकवालाही मांडत आणि हळदकुंकू वाहत. वरून पुसले तरी फटीतली हळद निघालेली नाही. हा आमचाच आहे.

माऊली म्हणाला, "मंग कंबर घट्ट काहून?" मी दिपककडे बघितले. ते खाली बघत होते. हवालदारांनी माझ्या सांगण्यावरून स्क्रू काढून कंबर उघडली. खुंटीवर पारदर्शक थर दिसला.

तेव्हा दिपक यांनी सांगितले की, प्रदर्शनात ट्रकवाला सारखा पडत होता. बायकोची बिनरंगाची नेलपॉलिश खुंटीला लावून वाळवली की सांधा घट्ट होतो, हे त्यांना माहीत होते. त्यांनी ते केले व छातीही पुसली. टेबलावर 'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी त्यांनीच लिहिली होती, म्हणून नंतर सांगायची भीती वाटली. हवालदार म्हणाले, "बिनरंगाची व्हती म्हणून हे सगळं झालं. लाल असती तर पहिल्याच दिवशी सापडला असता." माऊलीला हसू आले. मग तो म्हणाला, "अरे मला सांगाचं ना, दिपकदा. मीच बाटली आणून दिली असती." दिपक म्हणाले, "तू बोलू कुठं दिला?"

हवालदारांनी मला विचारले की, वस्तूचे नुकसान झाले असे लिहू का. पती कामावरून आले की चहा होईपर्यंत ट्रकवाला एकदा दुमडत आणि उलगडत. उजव्या हाताने. कंबर त्यानेच ढिली झाली होती. मी कंबर स्वतः फिरवून बघितली. जोर लावला की फिरते. नुकसान लिहू नये असे मी सांगितले.

दिपक यांनी खोटे सांगितले ते भीतीने सांगितले. चोरी झालेली नाही. माझी व माऊलीची त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. त्यांना कामावर परत घ्यावे, असे मी आज वाचनालयात जाऊन स्वतः सांगणार आहे. माऊली सोबत येतो म्हणाला आहे. तिन्ही ट्रकवाले आणखी काही दिवस वाचनालयात ठेवण्यास माझी हरकत नाही. तिन्हींत काय फरक आहे, हे येणाऱ्या रविवारी मी तिथे सगळ्यांना दाखवणार आहे. ज्याला बघायचे त्याने हातात घेऊन बघावे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर मी चष्मा लावून तो स्वतः वाचला. त्यात वस्तूचे वर्णन 'एक जुना मोडका रोबोट' असे होते. त्यातला 'मोडका' हा शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला आहे व खोडल्याजागी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.