हात लागल्याशिवाय

"उपाशी सवाष्ण दारात असताना आपलं पान वाढून घेऊ नये," असं सासूबाई सांगायच्या. उपासाच्या दिवशी तुळजाबाईंना ते हटकून आठवे. आजही शुक्रवार धरून त्या महाडच्या दवाखान्यात औषधासाठी बसल्या होत्या. पायरीखाली कुडपणची बनुबाई आठव्या महिन्यातल्या सुनेला धरून उभी होती. नर्सबाई दारातूनच बोलत होत्या.

"कुडपणात देवी आल्यात. वर चढू नका."

"आमच्या वाडीत नाय हो, पल्याड हायत. आन् आमी दोघींनी टोचून घेतलंय. ह्यो बघा दंडावर वण!"

"तिथूनच सांगा, काय होतंय?"

"पाय सुजल्यात, डोळ्यांपुढं अंधारी येते. जरा हात लावून बघा की पोटाला!"

"डॉक्टरांचा हुकूम नाही. साथ सरल्यावर या."

"पोटातलं पोर थांबंल व्हय तंवर? त्याला बी हुकूम सोडा की!"

"आत्या, चला ना घरी," सून म्हणाली.

"गप गो! एवढा डोंगर उतरलीस ती काय दार बघाया?"

"ओरडू नका. डॉक्टर घरी गेलेत जेवायला."

तुळजाबाई उठल्या. "जेवायला बसले असतील का हो?"

"नाही, आधी पूजा असते त्यांची. का?"

"काही नाही. आज उपास आहे माझा." मग त्या पायरी उतरून बनुबाईजवळ आल्या. "हिला सावलीत बसवा. डॉक्टरांचा हात लागल्याशिवाय हिला परत जाऊ देणार नाही मी."

"तुमी कुठं चालल्या, बाई?"

"त्यांच्या दारात बसायला."

तुळजाबाईंनी कपाळावरचं कुंकू आणि डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूहळू डॉक्टरांच्या घराची वाट धरली.