समुद्राच्या भरवशावरचा मनोरा

(आखातात, अस्करपलीकडच्या वाळवंटात, जेरुसलेमच्या वेढ्यावरच्या टीव्ही सिरियलचं शूटिंग. चाकांवरच्या लाकडी मनोऱ्याच्या पोटात दोन सुतार: देवगडचा दत्ताराम आणि रत्नागिरीकडचे म्हातारे रहिमतुल्ला.)

दत्ताराम: आणि ह्या काय? धा दिसांआधी ह्या सांध्यात नख जायत नव्हता. आज बोट जाता.

रहिमतुल्ला: बोट काढ आधी. मस्कतच्या खाडीत एकाचं असंच सांध्यात अडकलं होतं. बोट तिथंच ऱ्हायलं, माणूस रत्नागिरीला पोचला.

दत्ताराम: चाचा, हसण्यावारी नेव नको. तासाभरात तीस माणसा वर चढतली. त्यात माझो धाकटो भाव विनीत. कारखान्यातली शिफ्ट बदलून इलोहा, माझ्या शब्दार.

रहिमतुल्ला: तीस? मी पन्नास ऐकले.

दत्ताराम: तीस. तुझ्या तोंडात आकडो गेलो की दुप्पट होवन भायर येता. माशाचो, माणसांचो, सगळ्याचो. खरा सांग, मनोरो टिकतलो?

रहिमतुल्ला: दहा दिवसांपूर्वी टिकला असता. लाकूड किनाऱ्यावरून आलेलं, ओलसर होतं. सेफ्टीवाला ठोकून बघून गेला, सांध्यात वारा शिरत नव्हता.

दत्ताराम: आणि आज?

रहिमतुल्ला: आठ दिवस हा शमाल सुटलाय. कोरडा वारा, लाकडाचं पाणी पिऊन टाकतो. लाकूड आखडलं. चूक माझी हाय, दत्ता. साठ वर्षं गलबतं बांधली...

दत्ताराम: परवा चाळीस होती.

रहिमतुल्ला: चाळीस. गलबताचा सांधा आपण कधी गच्च आवळत नाय. लाकडाला फुगायला जागा ठेवायची. पाण्यात उतरलं की उरलेलं काम समुद्र करतो. हात सवयीनं चालले. हितंपण जागा ठेवली; लाकूड ओलं होतं तोवर ती दिसली नाय.

दत्ताराम: आणि हय समुद्र खंय आसा?

रहिमतुल्ला: तेच तर. बायको बिल्किस घरी विचारते, फिरंग्यांना जेरुसलेमात घुसवायला मनोरा बांधताय, अल्लाला काय जवाब देणार? आता म्हणेन, सांधे ढिले ठेवले होते.

दत्ताराम: माका हसू येणा नाय. जा नि शूटिंग सांभाळणाऱ्या कश्मिरा मॅडमांका सांग.

रहिमतुल्ला: सांगतो रे. पण ऐकेल? सोमवारी मीच सांगितलं चाकाला तडा गेलाय. बाईनं दोन तास काम थांबवलं.

दत्ताराम: आणि तडो?

रहिमतुल्ला: झोप आली होती मला.

कश्मिरा: चाचा, दत्तारामदादा, तुम्ही अजून आतच? बाहेर या बरं. चार वाजता माणसं चढणार, पाचला रोलिंग. पावणेसहाला सूर्य खलास, आणि क्रेन उद्या परत जातेय.

रहिमतुल्ला: मॅडम, माणसं चढवू नका. सांधे सुटलेत.

कश्मिरा: सोमवारी चाक. आज सांधे.

दत्ताराम: खरा आसा, मॅडम. बोट घालून बघा.

कश्मिरा: दादा, लाकूड आहे, फट असणारच. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे. तिकडे डायरेक्टर सकाळपासून तापलेत. थांबवायचं तर त्यांना कारण द्यावं लागेल, आणि 'चाचा म्हणाले' हे कारण मी सोमवारी वापरून संपवलं.

रहिमतुल्ला: मग दुसरं देतो. तुमची कहाणी काय? फिरंगी जेरुसलेमला वेढा घालून बसलेत. प्यायला पाणी नाय, जाळायला लाकूड नाय. म्हणून जहाजं मोडून मनोरे बांधले.

कश्मिरा: हो. आणि आज मनोरा तटाला भिडतो, फिरंग्यांचा सरदार गॉडफ्रे आत शिरतो, त्यांचं राज्य उभं राहतं. शेवटचा एपिसोड. मला माहितीये, चाचा, मीच शेड्यूल केलाय.

रहिमतुल्ला: असा सरळ भिडेल कसा? आतले आंधळे हायत काय? समोर मनोरा वाढताना रोज बघतायत. तेवढ्या बाजूचा तट त्यांनी पक्का करून ठेवला. तर गॉडफ्रे काय करतो? मनोरा खोलतो. खुंटी न् खुंटी. रातोरात खांद्यावरून दुसऱ्या अंगाला नेतो, जिथं तट कच्चा, आणि परत जोडतो. सकाळी आतले डोळे चोळतायत, मनोरा हितला तिथं. तुमच्या सिरियलीत हे कुठं हाय?

कश्मिरा: मस्त आहे. तुमच्या सोळा हात शार्कइतकं मस्त.

रहिमतुल्ला: बावीस हात होता तो.

कश्मिरा: चाचा...

रहिमतुल्ला: अदलियाच्या ऑफिसात तुमचे इतिहासवाले परीक्षित सर बसतात ना? लावा त्यांना फोन. खोटं निघालं तर मी एकटा वर उभा ऱ्हातो, मनोरा ढकला.

कश्मिरा: खोटं निघालं तर उद्यापासून येऊच नका. थांबा. रेंज नाहीये इथे, जरा पुढे जाते.

दत्ताराम: चाचा, शिडी लावल्यानी. विनीत पयलोच चढता.

रहिमतुल्ला: हाक मार त्याला.

दत्ताराम: मारतंय, त्या शूटिंगच्या ढोलांत काय ऐकाक येता? विनीत, अरे खाली ये. विनीत.

कश्मिरा: हॅलो, सर? कश्मिरा. एकच विचारायचं होतं. गॉडफ्रेचा मनोरा... हो, तोच.

दत्ताराम: धा चढले.

कश्मिरा: काय केला? खोलून? सगळा? सर, मग हे स्क्रिप्टमध्ये का नाहीये?

दत्ताराम: बारा. तेरा. चाचा, करकरता ता. वरसून भुसो पडता बघ.

कश्मिरा: सर, नंतर बोलते. वॉकी, ऐका. ढोल बंद. कोणी चढायचं नाही. वर आहेत ते एकेक करून खाली, धावायचं नाही. यल्ला, चला.

रहिमतुल्ला: सगळ्यांना सांगा, शिडीवर एका वेळी एकच.

कश्मिरा: सांगितलं. चाचा, खरं निघालं हो. डायरेक्टरना सांगते, आजच्या उजेडात मनोरा खोलतानाच शूट करू. हे कुठल्याच सिरियलमध्ये नसेल, म्हणजे ते नाही म्हणणार नाहीत. किती वेळात खोलाल?

रहिमतुल्ला: दहा मिनि...

दत्ताराम: दीड तास.

कश्मिरा: आणि जोडायला?

रहिमतुल्ला: चार दिवस. या खेपेला सुकं लाकूड, गच्च आवळून. आणि सेफ्टीवाल्याला परत बोलवा.

कश्मिरा: क्रेनचं बघते मी. तुम्ही सुरू करा.

दत्ताराम: इलो. विनीत खाली इलो. माकाच विचारता, दादा, कित्याक वराडतस म्हणून.

रहिमतुल्ला: बस जरा. पाणी पी.

दत्ताराम: तुका ह्या गॉडफ्रेचा कोणी सांगल्यान? शाजियान वाचून दाखवल्यान?

रहिमतुल्ला: लेकीला कुठला टाइम? कुणी नाय सांगितलं.

दत्ताराम: मगे?

रहिमतुल्ला: चुकीच्या जागी मनोरा उभा केला, तर सुतार दुसरं काय करील? खोलील. मी थाप मारली, दत्ता. नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी ती खरी करून ठेवली होती.

दत्ताराम: चाचा, ही बघ. वरच्या मजल्याची मोठी खुंटी. हातोडो लावूकच लागलो नाय. दोन बोटांनी भायर इली.

रहिमतुल्ला: दे इकडे.

दत्ताराम: गावाक जाशीत तेव्हा सांगशीत, वर शंभर माणसा होती.

रहिमतुल्ला: तेरा होती. मी मोजत होतो.